बिनमेंदूच्या प्राण्यांचे डॉक्टर

माणसांपेक्षा बिनमेंदूच्या प्राण्यांवर जास्त विश्वास असलेला माणूस अख्ख्या पार्ल्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, प्राणिशास्त्राचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात समुद्रातले जीव पाळले होते, बोटाच्या पेराएवढे, फुलासारखे दिसणारे. त्यांच्यासाठी पातेल्यात खारं पाणी कालवायचं आणि घरातल्या झाडून साऱ्या काचेच्या भांड्यांत ते जीव मांडून ठेवायचे. डॉक्टरांकडे पाणी मागायची चोरी. एकदा कुरियरवाल्यानं ओट्यावरचा पेला तोंडाला लावला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचं मनगटच धरलं, "थांब रे, त्यात पिल्लं आहेत."

त्या जीवांतली एखादी पेशी डंख मारणारी होणार की निरोप पोचवणारी चेतापेशी, हे जनुकं कशी ठरवतात, हा त्यांचा लाडका विषय. लग्नाची पंगत असो की भाजीची गाडी, तो निघायचाच. एक जनुक बंद पाडलं की डंख मारणारी पेशी चेतापेशीच्या वळणावर जाते, असं सांगून ते शेजारच्या तिखट जिभेच्या सासूबाईंकडे मोठ्या आशेनं बघत. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवरून भांडण पेटलं, तर हे शांतपणे म्हणाले, "मेंदू नसला तरी कारभार चालतो. मी रोज बघतो." कमिटीनं बरेच दिवस अबोला धरला.

माझा गाण्याचा क्लास होता. यजमान गेले आणि मी तो बंद केला, तंबोऱ्याला गवसणी घातली. तेव्हापासून रोज सकाळी आठला डॉक्टर दारात हजर. "बाई, आज काय शिकवणार?" एकदा मी चिडून म्हटलं, मी आता कुणाची बाई नाही, ते सगळं संपलं. ते चपला काढून आत आले.

"पेशी एकदा चेतापेशी झाली की झालं, असं नसतं हो. काही जनुकं जन्मभर चालू ठेवावी लागतात. बंद पडली, तर पेशी जगते, पण आपण कोण ते विसरते."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच गवसणी काढली आणि सा लावला. त्या सुराला सप्तकात कुठे जागाच नव्हती. रोज सकाळचा तो सूर मी काही दिवस सोसला. एका सकाळी मात्र अगदी राहवेना आणि माझाच सा बाहेर पडला, यजमान गेल्यानंतरचा पहिला. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिले. मी पोटभर रडले. पुढे खालच्या मजल्यावरच्या दोन मुली आल्या, मग आणखी आल्या, क्लास पुन्हा भरला. डॉक्टर तेवढे काडीचेही सुधारले नाहीत.

गेल्या वर्षी गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून ते भांडुपला बहिणीकडे राहायला गेले. मांडीवर काचेच्या वाट्यांचं खोकं घेऊन रिक्षात बसले होते, रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगत होते. मला आभार मानायचे होते, पण त्यांनीच आधी विचारलं, "बाई, आता सकाळी कोण येणार?"

"मुली येतात ना," मी म्हटलं.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं आणि रिक्षा निघाली. राहिलेले आभार आज इथे मानते. मी गाते आहे ती त्यांच्यामुळे. मुली येतात, रोज येतात. तरी आठाच्या सुमाराला माझं लक्ष दाराकडे जातंच.