टेंभरे भाऊंचा पेचकस

सायकल चालवणाऱ्यांकडे किस्से किती साठतात, हे न चालवणाऱ्याला सांगून पटत नाही. दोन तास चालवायची आणि चार तास त्यावर बोलायचं, असा आमचा रविवारचा रिवाज आहे. आणि बोलायचं ते गोंदियात, टेंभरे भाऊंच्या दुकानासमोरच्या लाकडी बाकावर. त्या बाकाला तोंड असतं तर आमची धडगत नव्हती!

आमची टोळी तिघांची. मी कॉलेजात ग्रंथपाल, मुकेशभैयांचं कापडाचं दुकान, आणि कटरे मॅडम शाळेत पी.टी. शिकवतात. तिघांकडे माउंटन बाइक आहेत आणि तिघांनाही त्यातलं फारसं काही कळत नाही. कळतं ते भाऊंना.

भाऊ तीस वर्षं राईस मिलमध्ये फिटर होते. मशीन चालू असताना लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची मिलमधली पद्धत. तीच त्यांनी सायकलींना लावली. सायकल स्टँडवर चढवतात, आपल्याला पेडल फिरवायला सांगतात, पेचकस कानाला लावून डोळे मिटतात. अर्ध्या मिनिटात निकाल. मी तरी तो चुकलेला पाहिलेला नाही.

फक्त मिलनं भाऊंना ही विद्या दिली आणि त्या बदल्यात कान नेले. गेल्या वर्षभरात त्यांचं ऐकू येणं झपाट्यानं कमी होत गेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेलं परत यायचं नाही. तपासणीनंतरच्या रविवारी भाऊंनी आम्हाला बाकावर बसवलं आणि म्हणाले, "पेचकस ज्या दिवशी कानाले सांगणं बंद करन, त्या दिवशी दुकान बंद. अंदाजानं नाई करत मी काम. माणूस बसते सायकलवर."

तेव्हापासून कोपऱ्यावर वळलं की आधी शटर पाहायची सवय लागलीय.

*

मी सायकल घ्यायला गेलो, ती आमची पहिली भेट. दुकानात एक उंचच उंच सायकल होती, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग. मी तिच्याकडे बोट दाखवलं. भाऊंनी विचारलं, कुठं चालवणार? मी ऐटीत सांगितलं, जंगलात, कोहमाऱ्याकडच्या टेकड्यांवर.

"रोज कोहमाऱ्याले जाऊन राहिले का तुमी?"

रोज तर मी कॉलेजला जाणार होतो. भाऊंनी मला त्या सायकलीवर टांग टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला सांगितले. टेकले, म्हणजे चवडे टेकले, टाचा हवेत होत्या. सायकलीची आडवी नळी कुठं टेकली ते लिहीत नाही. भाऊ शांतपणे म्हणाले, खड्ड्यात गेल्यावर असेच उतराल, मग घरचे मला बोलायला येतील.

त्यांनी एक माप लहान सायकल काढून दिली, मागे स्प्रिंग नसलेली. मागची स्प्रिंग काऊन नको, असं मी विचारलं. मागच्या स्प्रिंगचे सांधे वरच्यावर खोलून साफ करावे लागतात, हे त्यांनी समजावलं आणि पुढे विचारलं, "तुमी पुस्तकावरची धूळ तरी झाडता का?"

सहा वर्षं झाली, तीच सायकल आहे. पुस्तकांवर धूळही आहे.

*

मुकेशभैयांचा स्वभाव असा की, घ्यायचं ते पूर्ण घ्यायचं. टायरच्या कडेला हवेचा सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो. तो वाचून त्यांनी पेट्रोल पंपावर तेवढी हवा भरून घेतली आणि आमच्यासोबत बिरसीच्या पुढच्या मुरमाच्या रस्त्याला लागले. बिचारे कढईतल्या लाह्यांसारखे उडत होते. वर विमानतळावरची शिकाऊ विमानं घिरट्या घालत होती, त्यांतलं एकही इतकं हेलकावत नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी भाऊंकडे तक्रार केली की पुढची स्प्रिंग खराब आहे. भाऊंनी स्प्रिंगला हातही लावला नाही. अंगठ्यानं टायर दाबलं आणि हवा सोडायला सुरुवात केली. मुकेशभैयांच्या चेहऱ्यावर कोणी खिसा कापत असल्यासारखं दुःख.

"भाऊ, पूरी हवा भरवाई थी मैंने."

"पूर्ण हवा ट्रकमधी भरा," भाऊ म्हणाले. "मुरमावर चाक थोडं दबलं पायजे, तवाच धरते जमिनीले."

मग त्यांनी मुकेशभैयांचा अंगठा धरून टायरवर दाबला, थोडी हवा सोडली, पुन्हा दाबला. असं चार वेळा. त्या दिवसापासून मुकेशभैयांकडे हवा मोजायचं यंत्र आहे, पण विश्वास अंगठ्यावरच आहे.

*

आता माझी स्वतःची अक्कल. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं, त्याला टोरीचं तेल म्हणतात. घरी गावाकडून आलेली बाटली होती. बाजारातलं चेनचं तेल संपलं होतं. तेल ते तेल, असा विचार करून मी नोव्हेंबरच्या एका दुपारी सायकलीची चेन टोरीच्या तेलानं न्हाऊ घातली. पंधरा दिवस चेन लोण्यासारखी चालली. मी मॅडमना हा शोध सांगितलासुद्धा.

मग थंडी पडली. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण स्वयंपाकघरातलं ज्ञान अंगणात यायला वेळ लागतो ना! रविवारी पहाटे सायकल काढली तर चेनवर पांढरा थर, आणि गिअर बदलायची कळ दाबून दाबून अंगठा दुखला. वर गल्लीतलं कुत्रं मागचं चाक सोडायला तयार नाही. दुकानापर्यंत सायकल मी ढकलत नेली आणि कुत्रं मागून चाटत आलं.

भाऊंनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग चेनकडे, मग माझ्याकडे. चेन काढली, रॉकेलमध्ये खळखळ धुतली आणि तांदळाच्या कोंड्यानं भरलेल्या डब्यात टाकून घोळवली. कोंडा उरलंसुरलं तेल पिऊन घेतो, ही मिलची युक्ती. चेन बाहेर आली ती कोरडी, स्वच्छ. मग एकेका कडीवर चेनच्या तेलाचा एकच थेंब, आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून टाकलं. तेल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं, हे मला तेव्हा कळलं.

सायकल परत देताना भाऊ म्हणाले, "बाटली उरली असन तर आणून द्या. भाजी चांगली होते त्याच्यात."

*

हा पुढचा किस्सा अर्ध्यापर्यंतच हसण्यासारखा आहे.

मुकेशभैयांचा मागचा डिस्क ब्रेक किंचाळायला लागला. इतका की चौकात ऑटोवाले बाजूला होत. त्यांनी डिस्कवर तेलाचा स्प्रे मारला. आवाज बंद झाला आणि ब्रेकही! रविवारी ते दुकानात आले ते थेट आतच आले, वाटेत आमचा बाक, चहाचे ग्लास आणि माझा पाय घेऊन.

भाऊंनी तेल प्यालेले ब्रेक पॅड फेकून दिले, डिस्क स्पिरिटनं पुसली, नवे पॅड टाकले. चाक फिरवून ब्रेक दाबला. ब्रेक पुन्हा किंचाळला, पहिल्यासारखाच. भाऊंनी समाधानानं आमच्याकडे पाहिलं.

"झाला न शांत?"

भाऊ पुन्हा चाक फिरवत होते, ब्रेक पुन्हा कानठळ्या बसवत होता, आणि ते हसत आमच्याकडे पाहत होते. मग त्यांना आमचे चेहरे दिसले. त्यांनी भिंतीवरचा पेचकस काढला, टोक ब्रेकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि स्वतःच चाक फिरवलं. टोक सरकवून पुन्हा ऐकलं, पुन्हा सरकवलं. शेवटी पेचकस खिळ्याला अडकवला आणि शटर अर्धं खाली ओढलं. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, अजूनही आठवलं की वाटतं.

पुढचे काही रविवार शटर अर्धंच असायचं. भाऊ वाकून बाहेर यायचे, पंक्चर काढायचे, पॅडची जाडी, चेनची झीज असं डोळ्यांना दिसणारं काम करायचे. बाकी कामाला दुसरीकडे जा म्हणायचे. दिवाळीपर्यंत हातातलं संपवतो, मग झालं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

*

आणि मग मॅडमच्या सायकलीतली टकटक.

मॅडमनी नागपूरहून कोणाची तरी वापरलेली, हलकी सायकल घेतली होती. पेडल मारलं की कुठून तरी टक. एका फेऱ्याला एक टक. पुढच्या रविवारी आम्ही तिघं कोहमाऱ्यापलीकडची टेकडी उतरणार होतो, सरळ खाली जाणारी मुरमाची उतरण, आणि सगळ्यात पुढे अर्थातच मॅडम. त्यामुळे टक शोधणं भाग होतं.

अर्ध्या शटरसमोर सायकल स्टँडवर चढवून आम्हीच सुरू झालो. मी कान लावून सांगितलं, खालचं बेअरिंग. मुकेशभैयांनी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून सावकाश वाजवला आणि सांगितलं, पेडल. पेडल बदललं. टक तशीच.

भाऊ शटरखालून वाकून आले आणि आमचा तमाशा पाहत उभे राहिले. मग आत जाऊन पेचकस घेऊन आले. कानाला लावला, मान हलवली. परत जायला वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले, पेचकसाची मूठ सदऱ्याला खसाखसा पुसली, आणि दातात धरली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भाऊंनी हातानंच मॅडमना खूण केली, बसा, ब्रेक धरून पेडलवर जोर द्या. सायकल खाली घेतली, मॅडम बसल्या. भाऊ गुडघ्यावर बसले, डोळे मिटले आणि पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवलं. नाही. सीटच्या नळीवर. नाही. खालच्या नळीवरून हळूहळू पुढे सरकत, हँडलखाली जिथं नळी जोडलेली असते तिथं आले आणि थांबले. मॅडमना पुन्हा जोर द्यायला लावला. पुन्हा. पुन्हा.

मग पेचकस तोंडातून काढून त्यांनी रॉकेलचं फडकं मागितलं. जोड पुसला, कोरडा केला आणि मॅडमकडे खडू मागितला. पी.टी.च्या मॅडम, मैदान आखायचा खडू पर्समध्ये असतोच. भाऊंनी जोडावर खडू घासला आणि मॅडमना पुन्हा जोर द्यायला सांगितलं. पांढऱ्या खडूतून एक ओली, केसाएवढी बारीक रेघ वर आली. नळीच्या अर्ध्या घेराला वेढणारी.

मॅडम सायकलवरून उतरल्या. फ्रेमला तडा गेला होता, रंगावर न दिसण्याइतका बारीक; त्यात मुरलेलं रॉकेल खडूनं शोषून वर आणलं होतं. आणि त्या ती सायकल टेकडीवरून खाली सोडणार होत्या. मॅडम भाऊंच्या अगदी समोर जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊ, ऐकू आलं तुम्हाला?"

"नाई," भाऊ म्हणाले. "दाताले समजलं. झणझण लागते."

त्यांनी पेचकसाच्या मुठीवरचे दातांचे वण अंगठ्यानं चाचपले.

"दुकान बंद करीन म्हणलो होतो, ते कानाचं बोललो होतो. दाताचं नाई."

पुढच्या रविवारी कोपऱ्यावर वळलो तर शटर पूर्ण वर होतं. भाऊ मुकेशभैयांचा तो किंचाळणारा ब्रेक खोलून बसले होते, पेचकस दातात. कटरे मॅडम चालत आल्या, सायकल नव्हतीच. पर्समधून त्यांनी दातणासाठी कडुनिंबाच्या ताज्या काड्यांची एक जुडी काढली, भाऊंच्या पुढ्यात ठेवली आणि ते वर पाहीपर्यंत थांबल्या. मग एकदा उगवतीकडे बोट दाखवलं, एकदा मावळतीकडे, म्हणजे सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि बाकावर येऊन बसल्या.