रुमालाखालची रेल्वे

सभेत बसवंतप्पाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, तेव्हाच त्याला समजायला हवं होतं. मोंढ्यातल्या दलालाला पहिल्या रांगेत कुणी उगीच बसवत नाही.

तो रेणापूरचा. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दलाली करायचा. सकाळच्या एस.टी.नं यायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं जायचं. दांड्याला धरायला जागा मिळाली तरी प्रवास बरा झाला म्हणायचं. त्याची मुलगी महादेवी लातूरच्या कॉलेजात होती. संध्याकाळची गाडी भरून न थांबता जायची आणि पोरगी अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभी. दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं. म्हणून लातूर-रेणापूर रेल्वे व्हावी, सकाळ-संध्याकाळ शटल धावावी, असं मनापासून वाटणाऱ्या मोजक्या माणसांत बसवंतप्पा होता.

मोंढ्यात त्याचं नाव होतं ते रुमालामुळे. त्या काळी भाव तोंडानं होत नसे. दलाल हातावर रुमाल टाकायचा, खरेदीदार खालून हात घालून त्याची बोटं दाबायचा. किती बोटं दाबली त्यावर भाव. सगळ्यांचे हात झाले की दलाल शेवटचा भाव पुकारी. कुणी किती लावले होते ते मात्र रुमालातच राही. एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊसुद्धा बसवंतप्पाच्या रुमालात निर्धास्त हात घालत. त्याच्या तोंडून कधी काही फुटलं नव्हतं. तेवढीच त्याची कमाई.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. मोंढ्यात माल कमी, टँकरमागे धावणाऱ्या घागरी जास्त. अशा उन्हाळ्यात चन्नबसप्पा शेटच्या डाळमिलच्या गोदामात रेल्वे कृती समितीची सभा भरली. चन्नबसप्पा अध्यक्ष. चिटणीस बापूसाहेब वकील, शुभ्र शर्ट, घसा खाकरून बोलायची सवय.

"मार्गाच्या पाहणीचा निम्मा खर्च स्थानिकांनी उचलावा, असं वरून सुचवलं आहे," बापूसाहेब म्हणाले. "त्यानंतर पुढचा विचार होईल."

"पुढचा विचार म्हंजी रूळ का वो, वकीलसाहेब?" मागून कुणीतरी विचारलं.

"विचार म्हणजे विचार."

गोदाम हसलं. शाळेतल्या विमलबाई उठल्या. "एवढ्या पैशांत रेणापूरच्या रस्त्यावर जादा बस सुरू होतील. स्टँडवर पत्रे तरी टाका. मुली उन्हात उभ्या राहतात."

"बाई, एस.टी.ला कुणी जिल्ह्याची शान म्हणतं का?" चन्नबसप्पा म्हणाला. "उस्मानाबादच्या शेपटाला होतो ते दिवस गेले. आता आपण जिल्हा हाव, जिल्हा!"

"शेट," रेणापूरकडचा लिंबाजी नावाचा शेतकरी भिंतीला टेकून बोलला, "औंदा जनावराला पाणी न्हाई, अन् तुमी आगीनगाडी आणायलाव. ती काय पिती मग?"

या वेळी पुढच्या रांगा हसल्या नाहीत.

चन्नबसप्पानं तोडगा काढला. व्यापाऱ्यांनी आपापली वर्गणी द्यायची. पण उघड आकडा बोलून कुणाची पत जायला नको, म्हणून रुमालाखाली. कमी पडेल ते शेतकऱ्याच्या पोत्यामागं धर्मादायातून. धर्मादाय म्हणजे गोशाळेच्या, देवळाच्या नावानं पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, होणारी कपात. शेतकऱ्याला विचारायची त्यात रीतच नव्हती.

"बसवंतप्पा, काढा रुमाल."

बसवंतप्पानं खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला. एकेक जण आला. पहिल्याचा हात थंड. आला, टेकला, निघून गेला. एक बोटही दाबलं नाही. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्यानं नखानं तळहाताला गुदगुली केली आणि मिशीत हसला. एकानं करंगळी धरली, मग भान आल्यासारखी सोडून दिली. ज्यांच्या गळ्यातला इष्टलिंगाचा करंडा चांदीचा, ज्यांच्या डाळीचे ट्रक हैदराबादला जातात, त्यांचे हात. बसवंतप्पाला बुळबुळीत काहीतरी हाताला लागत असल्यासारखं झालं.

शेवटी चन्नबसप्पा आला. त्यानं चारही बोटं गच्च आवळली आणि पुटपुटला, "हे सगळ्यांचं मिळून, बोटामागं दहा हजार. पुकार."

बसवंतप्पानं रुमाल झटकला. बोली न लागलेल्या ढिगापुढं म्हणतात तेच म्हणाला, "माल उठला न्हाई."

चन्नबसप्पा मोठ्यानं हसला. "अप्पा दमलेत उन्हानं! चाळीस हजार जमले, चाळीस हजार!" टाळ्या पडल्या. ज्यांनी हात कोरडे काढले होते त्यांच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या.

"जमले न्हाईत," बसवंतप्पा म्हणाला.

बापूसाहेबांनी घसा खाकरला. "असं म्हणायचं असेल, तर कुणी दिले नाहीत त्यांची नावं सांगा. सभेला कळू द्या."

बसवंतप्पानं वळून बघितलं. पुढच्या रांगेत कुणीही घाबरलेलं नव्हतं. पाय पसरून, पान चघळत सगळे निवांत होते. हा बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या इमानाची त्यांनी चादर केली होती आणि तिच्याखाली ऐसपैस पडले होते. त्यानं रुमालाची घडी खांद्यावर टाकली आणि नावं न घेता जागेवर बसला.

पोत्यामागची कपात एकमतानं मंजूर झाली, असं बापूसाहेबांनी लिहून घेतलं.

घरी महादेवीनं विचारलं, "अप्पा, येणार का रेल्वे?"

"पट्टीवर येणार," तो म्हणाला आणि न जेवता पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात लिंबाजीच्या तुरीचा ढीग लागला. भोवती खरेदीदार जमले. बसवंतप्पाचा खांदा मोकळा होता.

"रुमाल कुठाय?" चन्नबसप्पानं विचारलं.

"धुवायला टाकलाय. काल लई जणांनी हात पुसले त्याला."

आणि त्यानं तोंडानं पहिला भाव पुकारून वरची बोली मागितली. भर मोंढ्यात, उघड. एखाद्यानं चौकात धोतर सोडावं तसे लोक त्याच्याकडं बघायला लागले. मग उदगीरच्या एका खरेदीदारानं, ज्याला कालचं काही माहीत नव्हतं, वीस रुपये चढवले. ते ऐकून लातूरचा एक जण इरेला पेटला. शेजारच्या ढिगापेक्षा तूर चांगली चढ्या भावानं गेली.

चन्नबसप्पा जवळ आला. "उद्यापासून तुला कुणी हात देणार न्हाई, बसवंत." नावातलं 'अप्पा' गळून पडलं होतं.

"दिला तरी मी धरणार न्हाई. वास येतो."

शेट पचकन थुंकून निघून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही पांगले. पुढच्या ढिगापाशी दोघेच उरले, दोघेही परगावचे. ह्या दोघांवर घर चालत नाही, हे बसवंतप्पाला कळत होतं.

एवढ्यात लिंबाजी पट्टी घेऊन आला. भावानं खूश होता, पण एका ओळीवर बोट ठेवलेलं. "अप्पा, हे रेल्वेचं कापलंय. आमी तर काय कबूल केलं न्हवतं."

"सभेत मंजूर झालं."

"व्यापाऱ्यायनं तरी दिले का?"

"न्हाई."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"हाव."

"मग नावं घ्यायची की. का गप बसलाव?"

बसवंतप्पाकडं उत्तर होतं. धंद्याची रीत, रुमालाचं इमान, सगळं. कालपर्यंत ते त्याला स्वच्छ वाटत होतं. आज ते जिभेवर आलं आणि त्याला त्या उत्तराचीच शिसारी आली. लिंबाजीनं पट्टी घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि बैल जुंपायला गेला.

त्या दोन परगावच्या माणसांपुढं उभं राहून बसवंतप्पानं पुढच्या ढिगाचा पहिला भाव तोंडानं, उघड पुकारला.