कॅसेटचे दात

कोऱ्या कॅसेटवर काय भरायचं हे आमच्या घरात मी ठरवायची. नव्वदीच्या दशकात आमच्या धारवाडच्या घरी रेडिओ-टेपचा टू-इन-वन आला तेव्हापासून हे खातं माझ्याकडं होतं आणि त्यात मी कुणाला लुडबूड करू दिली नाही. कॅसेट घ्यायची ती साठ मिनिटांची, नव्वदची नाही. नव्वदची फीत पातळ असते आणि मशीन ती हमखास खातं. फितीचा सुरुवातीचा तुकडा नुसता पांढरा असतो, त्यावर काही उमटत नाही, म्हणून आधी भोकात पेन्सिल घालून तो पुढं सरकवायचा. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर लावायचा नाही आणि कुणाला खोकायचं असेल तर त्यानं आधीच खोकून घ्यायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टी मला इतरांपेक्षा बऱ्या कळतात असं माझं मत होतं. त्या मतात अजूनही फारसा फरक पडलेला नाही.

कॅसेटी मी हुबळीहून आणायची, कमरीपेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानातून. धारवाडात मिळत नव्हत्या असं नाही, पण हा दुकानदार पाकीट फोडून, कॅसेट मशीनमध्ये घालून, तिची नुसती सरसर ऐकवून मगच हातात द्यायचा. कोऱ्या कॅसेटची सरसर ऐकत दोन माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी आहेत, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती मला वेड्यात काढतील. काढोत बापडी. त्यांच्या फोनमध्ये हजार गाणी आहेत आणि एकही त्यांनी स्वतः पकडलेलं नाही.

भरलेली कॅसेट जपायची असेल तर तिचे दात पाडायचे. कॅसेटच्या मागच्या कडेला, दोन टोकांना, प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबतच नाही, म्हणजे त्या गाण्यावर दुसरं गाणं चढत नाही. मी आणि माझी मोठी बहीण त्यांना दात म्हणायचो. मी कंपासचं टोक घालून ते पाडायची आणि अक्का शेजारी बसून "आता ही म्हातारी झाली" म्हणायची.

अक्काचं लग्न झालं आणि ती पार बंगालात दुर्गापूरला गेली. मेहुण्यांची नोकरी तिथल्या कारखान्यात. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी तिला प्रवास साफ नको म्हणून सांगितलं. त्यामुळं डोहाळजेवणाला ती माहेरी येणार नव्हती. मग आईनंच तिकडं जायचं ठरवलं, हिरवी साडी घेतली, पिशव्या भरल्या, आणि जायच्या आधी मागच्या दारच्या धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून पडली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

पाय मोडल्याचं आईला फार दुःख झालं नाही. दुःख गाण्याचं होतं. आमच्या शेजारच्या कन्नड घरांतून या सोहळ्याला कुबस म्हणतात, आम्ही डोहाळजेवण म्हणतो, पण आईच्या माहेरी त्यात एक गाणं असतं आणि ते आईनंच म्हणायचं असतं. लेक पाटावर बसलेली, आई समोर, आणि गाण्यात पहिल्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत लेकीला काय काय खावंसं वाटतं ते सगळं येतं. कडवं मराठी, आणि दर कडव्यानंतर कन्नड पालुपद, 'बारव्वा मगळे बारव्वा', म्हणजे ये गं लेकी ये. आईसाठी तिच्या आईनं ते म्हटलं होतं.

"आईचा आवाज पोरीच्या कानावर पडला नाही तर ते कसलं डोहाळजेवण?" आई म्हणाली. "सासरचे जेवायला घालतील, पण माझी लेक बिनआईची बसल्यागत बसंल की पाटावर."

"फोनवर म्हण," अप्पा, आमचे वडील, म्हणाले.

"बूथमध्ये उभी राहून? एका पायावर?"

मग मी म्हणाले की कॅसेट करू. शेजारचे काका कामानिमित्त कलकत्त्याला निघाले होते, तिथून पुढं ते दुर्गापूरला जाऊन अक्काला भेटणार होते. रविवारी दुपारी आमच्या दारावरूनच ते हुबळीला गाडी पकडायला जाणार. तोवर कॅसेट तयार हवी होती.

शुक्रवारी अप्पा शाळेत गेले असताना आम्ही ती भरली. अप्पा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. शेजारच्या काकू पेटी घेऊन आल्या, हॉलमध्ये सतरंजी अंथरली, आईला भिंतीशी टेकवून पाय लांब करून बसवलं. बटण दाबलं आणि आईचा आवाज बदलला. बाई नभोवाणीवर परीक्षा द्यायला बसल्यासारखी गायला लागली. सहाव्या महिन्यात अडखळली, आठवा महिना विसरलीच. मी दर वेळी फीत मागं घेऊन, नेमक्या जागी थांबवून पुन्हा भरलं. जोड कुठंही कळत नव्हता. काकूंनी कौतुक केलं, मीही केलं. आईला मात्र ते पटलं नव्हतं.

"असं रिकाम्या हातानं बसून मला येतच नाही," ती म्हणाली. "हे गाणं मी नेहमी काहीतरी करताना म्हणतो."

धारवाडकडच्या बायका 'मी म्हणतो, मी जातो' असंच बोलतात, त्यात नवल काही नाही. मी म्हटलं, "छान झालंय. शुद्ध झालंय." आणि लगेच दात पाडले.

कॅसेटवर नाव लिहायला पेन काढलं, तर आईनं माझा हात धरला. पोटुशी असलेल्या पोरीच्या नावानं काही लिहून ठेवायचं नाही, दृष्ट लागते. बाळाचं दुपटंसुद्धा आधी शिवत नाहीत आमच्यात. तिनं कॅसेटच्या डबीला कुंकवाचं बोट लावलं आणि डबी देवापुढं ठेवली. कॅसेट मात्र मशीनमध्येच राहिली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवायची होती. बिननावाची असली तरी मला काळजी नव्हती. दात पाडलेले होते.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात मोडलेली वस्तू मोडलेली राहत नसे. छत्रीची काडी, चष्म्याची दांडी, बादलीची कडी, सगळं अप्पा रात्रीच्या जेवणाआधी दुरुस्त करायचे आणि मग समाधानानं ताटावर बसायचे. रविवारी सकाळी महाराष्ट्राच्या बाजूनं रेडिओवर खरखरत नाट्यगीतं लागायची. तेवढाच त्यांचा आणि टू-इन-वनचा संबंध, आणि त्यासाठी त्यांची स्वतःची कॅसेट होती. पण त्या रविवारी ती भरून संपली होती आणि त्यांच्या आवडीचं पद लागायच्या बेतात होतं. आईची कॅसेट देवापुढच्या डबीत आहे असं ते धरून चालले होते, आणि मशीनमध्ये एक बिननावाची कॅसेट दिसली. रेकॉर्डचं बटण दाबलं, दबेना. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. अप्पांनी कॅसेट बाहेर काढली, आपली भरलेली कॅसेट आणून तिच्याशी ताडून पाहिली, फरक शोधला, आणि आईच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी कात्रीनं मापात कापून दोन्ही भोकांवर बसवली. मग बटण दबलं. मी तेव्हा मंडईत होते आणि आई न्हाणीत.

परत आले तर अप्पा खुशीत. "तुझी एक कॅसेट डिफेक्टिव्ह निघाली होती बघ," ते म्हणाले. "कंपनीनं दोन भाग घातलेच नव्हते. दुरुस्त केली."

मी मशीन उघडलं. दोन्ही भोकांवर गुलाबी चिकटपट्टी, कोपरे छान गोल कापलेले. प्ले दाबलं तर खरखरीतून एक गवई तान घेत होता. मागं नेलं, पुढं नेलं, उलटी करून पाहिली. तानच तान. आईचा एक शब्द उरला नव्हता.

मी अप्पांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. बापाला कुणी तसं बोलू नये, पण त्या वेळी मला ते योग्य वाटलं आणि आजही अर्धंमुर्धं योग्यच वाटतं. अप्पा खुर्चीवर बसूनच राहिले. "नाव तरी लिहायचं," एवढंच म्हणाले आणि मग ते का लिहिलं नव्हतं हे कळल्यावर उरलेली चिकटपट्टी गुंडाळायला लागले. आई न्हाणीतून भिंत धरत आली, तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं.

दुपारी काका निघणार. काकू सकाळीच पेटी गुंडाळून काकांचं सामान भरायला बसल्या होत्या. त्यात अक्काला पाठवायची कोडबळी अजून व्हायचीच होती. कोडबळी म्हणजे तांदळाच्या पिठाची तिखट कडी, तळलेली, अक्काचा जीव त्यावर.

"पेटीबिटी नको," आई म्हणाली. "तो तुझा गाण्याचा डबा घेऊन ये स्वयंपाकघरात. मी गातो आणि वळतो. आणि तुम्ही हो, तुम्ही तळायचं. दुरुस्तीची हौस हाय न्हवं?"

अप्पांनी निमूटपणे सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

आई स्टुलावर पाय टाकून खुर्चीत बसली, मांडीवर परात. मी पिठाच्या डब्यावर टू-इन-वन ठेवला. तेल तापलेलं, खिडकी उघडी, बाहेर मिरची वाळत घातलेली आणि कावळे. माझे सगळे नियम धाब्यावर बसले होते. मी तीच कॅसेट सुरुवातीला नेली आणि बटणं दाबली. आईनं पिठाचा गोळा हातात घेतला, बोटांखाली लांब केला, दोन्ही टोकं जुळवून कडं केलं, आणि पहिला महिना सुरू झाला.

असा आवाज तिनं शुक्रवारी लावलाच नव्हता. मोकळा, खालचा, कुणाला दाखवण्यासाठी न लावलेला. हात चालले होते आणि शब्द आपोआप येत होते. मी बघतच राहिले. चौथ्या महिन्यात कैरी झाली, पाचव्यात शेंगाचटणी झाली, पालुपद आलं, 'बारव्वा मगळे', आणि त्याच दमात आई ओरडली, "अहो, गॅस बारीक करा की! करपलं ते!"

"आई, मध्ये बोलू नकोस ना!" मीही ओरडले.

"बारव्वा," आईनं पालुपद पुरं केलं आणि सहावा महिना सुरू केला.

मागं घ्यायला वेळ नव्हता. सहावा, सातवा. आठवा महिना ती विसरली नाही, कारण आठव्यात कोडबळीच होती आणि ती हातात होती. नवव्यानंतर तिनं गाण्यातून बाहेर न येता अक्काला सांगितलं, पाटावरून उठताना डाव्या हातावर जोर देऊ नकोस, सासूबाईंना नमस्कार कर, गार पाणी पिऊ नकोस. बाहेर काकांच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. मी कॅसेट काढली, चिकटपट्टी ओरबाडली आणि कुंकू लावलेल्या डबीत घालून डब्याबरोबर काकांच्या हातात दिली.

डोहाळजेवण झालं. अक्कानं आमच्या कोपऱ्यावरच्या बूथवर मला फोन केला, कोडबळी पोचली, गाणं लावलं, सगळ्यांना आवडलं म्हणाली. तिच्याही मागं बूथवाला उभा असणार, म्हणून जास्त बोलली नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई हो हो म्हणाली, पण तिचं समाधान झालं नाही. पुढं कित्येक वर्षं विषय निघाला की ती म्हणायची, "कॅसेट ती कॅसेट. मी नव्हतो तिथं." अप्पा अशा वेळी पेपर तोंडासमोर धरायचे. मला तिचा राग यायचा आणि तिचं खरंही वाटायचं. डोहाळजेवणाला आई हजर नसणं ही काही चिकटपट्टी लावून नीट होणारी गोष्ट नव्हती.

अक्काची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिला घेऊन अक्का मोठ्या सुट्टीत आली. तोवर धारवाडातसुद्धा सीडी आल्या होत्या आणि माझा टू-इन-वन कपाटावर गेला होता. पोरगी बंगाली फर्डं बोलायची, मराठी मोडकं. पहिल्या दिवशी ती हॉलमध्ये फरशीवर बसून बाहुलीला भरवत होती. अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते, आई शेंगा सोलत होती, अक्का आणि मी गप्पा मारत होतो. आणि पोरगी आपल्याशीच गुणगुणायला लागली. पहिला महिना, दुसरा महिना.

आईचे हात थांबले.

"झोपताना हेच लागतं तिला," अक्का म्हणाली. "तान्ही होती तेव्हापासून. दुसरं काही लावलं की रडायची. कॅसेट दोनदा तुटली, दोनदा जोडली."

पाचवा महिना झाला. पालुपद आलं, 'बारव्वा मगळे', आणि पोरीनं सुरात, हुबेहूब धारवाडी ठसक्यात, बाहुलीला दटावलं, "अहो, गॅस बारीक करा की! करपलं ते!" लगेच दुसऱ्या आवाजात, "आई, मध्ये बोलू नकोस ना!" आणि पुन्हा पहिल्या आवाजात, "बारव्वा." तिच्या दृष्टीनं ते सगळं गाणंच होतं.

अप्पांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आम्ही बघत होतो. दाराशी परत आले ते गोंधळून.

"बंदच हाय की गं गॅस," ते म्हणाले.

मी आणि अक्का हसून हसून लोळलो. पोरीला काही कळलं नाही, तिनं सहावा महिना सुरू केला. आई हसली नाही. ती शेंगांची परात बाजूला सारून खाली सरकली, पोरीच्या समोर मांडी घालून बसली, आणि तिच्याबरोबर हळूहळू गायला लागली. नववा महिना झाला, तेव्हा पोरगी न थांबता पुढचंही बोलली, गार पाणी पिऊ नकोस.

आईनं अक्काकडं पाहिलं. "म्हणजे होतो की गं मी तिथं," ती म्हणाली.