आमच्या आईचा घाईत बोललेला नवस

माझी धाकटी बहीण नेव्हीन बारा वर्षं जगभर हिंडून हरत होती, आणि तिच्याइतका खुशीत असलेला माणूस अख्ख्या अलेक्झांड्रियात नव्हता. हे आधीच सांगतो, कारण लोक तिची कीव करायला लागले की माझं डोकं फिरतं. स्क्वॉश हा तिचा पोटापाण्याचा धंदा. क्वालालंपूरपर्यंत विमानाने जायचं आणि पहिल्याच फेरीत समोर कोण उभी, तर रोज सकाळी आपल्याच क्लबात घाम गाळणारी मुलगी. मग दोघी एकमेकींचा जीव काढणार आणि संध्याकाळी एकत्र कबाब हाणणार. परत आली की हरल्याच्या गोष्टी ती इतक्या रंगवून सांगायची, की शेजारपाजार खुर्च्या घेऊन यायचा.

घोळ घातला तो आईने. नेव्हीन पहिल्यांदा परदेशी खेळायला निघाली तेव्हा आई सीदी मुर्सींच्या दर्ग्यात गेली. लोक मेंढा बोलतात, फार तर भाताची देग बोलतात. आमच्या आईला भरून आलं आणि ती म्हणाली, "माझ्या पोरीला एक कप मिळू दे, तिची रॅकेट तुमच्या दारात आणून ठेवते. मग ती खेळणार नाही." तिला वाटलं होतं, वर्षभरात कप येईल, पोरगी घरी बसेल, लग्न उरकू. बोललेला नवस कोण मोडणार? म्हणजे बाईसाहेब जिंकल्या की खेळ खलास.

नेव्हीन फायनलला पोचायची आणि हरायची. क्लबात कुजबुज सुरू झाली की ही मुद्दाम हरते. मी एकदा तिला तसं बोललो, तर तिने बूट फेकून मारला.

"बॉल समोर आला की मला नवस आठवत नाही, गाढवा. मला फक्त बॉल दिसतो."

आईने तिचा खेळ कधी पाहिलाच नाही. तिला बघवायचं नाही. ती बाहेरच्या बोळात बाकावर तसबीहची माळ ओढत बसायची आणि आवाज ऐकायची. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्रा असतो, बॉल त्यावर आपटला की मारणाऱ्याचा पॉइंट गेला. आईला एवढंच ठाऊक होतं की शेवटी पत्रा वाजला म्हणजे नेव्हीन हरली. आजवर ते बरोबरच निघालं होतं.

गेल्या वसंतात आमच्याच क्लबात फायनल झाली. समोर रोदैना, एकोणीस वर्षांची, नेव्हीननेच घडवलेली. रोदैनाची आई द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचा डबा घेऊन आली होती आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना भरवत होती. दोघींचे दोन-दोन गेम झाले. शेवटच्या पाचव्यात नेव्हीनला जिंकायला एकच पॉइंट उरला. नवस सगळ्यांना माहीत होता. टाळ्या वाजवाव्यात की रडावं, कुणालाच कळेना.

रोदैना टॉवेलने हात पुसत जवळ आली. "अब्ला, विचार कर हं. मी जिंकले तर कुणाचं काही बिघडत नाही."

"अब्ला म्हणतेस आणि मोठ्या बहिणीलाच अक्कल शिकवतेस? जा, उभी राहा जागेवर."

मग जी रॅली झाली ती मला नीट सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ शेजारच्याच्या खांद्याला चावत होतो. दोघी चारही कोपऱ्यांत धावत होत्या, हसत होत्या, धापा टाकत होत्या. शेवटी रोदैनाने वाकून एक नाजूक फटका मारला आणि पत्रा खणकन वाजला.

कुणी टाळी वाजवली नाही. तेवढ्यात आई आत आली, नेहमीसारखी, आणि कोर्टाच्या दारातूनच म्हणाली, "असू दे गं. मुलुखियाचा रस्सा केलाय, गरम आहे. चल घरी."

"आई," नेव्हीन म्हणाली, "मी जिंकले."

आईने गुणफलकाकडे पाहिलं, रोदैनाकडे पाहिलं. रोदैनाने नाक ओढत मानेनेच हो म्हटलं. नेव्हीनने रॅकेट आईपुढे धरली. ती हसायचा प्रयत्न करत होती. मला त्या क्षणी सीदी मुर्सींचा रागच आला, अल्ला माफ करो.

आईने रॅकेट हातात घेतली. बारा वर्षांत पहिल्यांदाच. मुठीवरची घामाने काळी पडलेली पट्टी तिने अंगठ्याने चाचपली.

"कोण जिंकलं म्हणालीस?"

"मी."

"मी कुठे पाहिलं?" आई म्हणाली. "मी तर बोळात होते. न पाहिलेल्या कपावर नवस फेडायचा? सीदी मुर्सी काय म्हणतील? तूर्तास मेंढा देते, दोन देते. रॅकेटचं, तुला कप जिंकताना मी बघितलं की बघू."

तिने रॅकेट परत दिली, पहिल्या रांगेतल्या माणसाला उठवलं आणि कोर्टाच्या काचेला नाक लावून बसली.

"खेळा परत," ती म्हणाली. "दोघी, कपाबिपाशिवाय. मला बघू दे."