टाचणी न काढलेली चिठ्ठी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. वीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवलं. पण चमत्कार बायबलमधले मानायचे, शेजारीपाजारी घडलेले नाहीत, असा माझा शिरस्ता होता.

आमच्या वर्गाची एक पद्धत आहे. मुलं आपली विनंती कागदावर लिहितात, घडी घालून टाचणी लावतात आणि डब्यात टाकतात. ती चिठ्ठी फक्त शिक्षकाने उघडायची, आठवडाभर त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि पुढच्या रविवारी मागे दोन ओळी लिहून चिठ्ठी परत द्यायची.

आमचं बाळ गेलं त्या वर्षी मला प्रार्थना जमेना. डोळे मिटले की नुसता पंख्याचा आवाज... एका आठवड्यात तर डबा उघडलाच नाही. रविवारी वर्गात सांगितलं, "सगळ्यांसाठी प्रार्थना केली. चिठ्ठ्या तेवढ्या घरी विसरलो." डबा विश्रांतवाडीच्या घरी माळ्यावर गेला. शिकवणं चालूच राहिलं.

यंदा जूनमध्ये रूथ आली. त्या वर्षी ती माझ्या वर्गात होती, दहा वर्षांची. आता आयटीत आहे, वारज्यात राहते. माझा वर्ग आता ती घेणार.

"सर, तुमच्यामुळे शिकवायला येतेय," म्हणाली आणि पर्समधून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली.

पुढे तिचं लहानपणचं अक्षर – 'पप्पा गेल्यापासून आई बोलत नाही.' मागे माझं अक्षर – 'आईला विचार, निळी शाल कुठे आहे.'

"घरी जाऊन विचारलं. आई म्हणाली, 'ट्रंकेत. पप्पांची आहे.' चार महिन्यांनी बोलली, सर. मग खूप रडली, मग पोळ्या करायला घेतल्या. तुम्हाला शालीचं कसं कळलं?"

"ही मी कधी दिली तुला?"

"बाकीच्यांच्या चिठ्ठ्या घरी विसरलात ना, त्याच रविवारी. जिन्यात. वय झालं तुमचं."

मी हसलो.

घरी येऊन माळ्यावर चढलो. खालून बायको म्हणाली, "अहो, स्वर्ग तिथे नाहीये. खाली या."

डबा सापडला. रूथची चिठ्ठी त्यात होती, टाचणी गंजून कागदाला चिकटलेली. उघडली. तेच वाक्य, तेच अक्षर. मागची बाजू कोरी.

तिने दोन लिहिल्या असतील, असं म्हणून पाहिलं. पण मागचं अक्षर माझं कसं? आणि शाल? मी त्यांच्या घरी कधी गेलोही नव्हतो. जिन्यात तिला कोण भेटलं, हा विचार मनातून जात नाही.

येत्या रविवारी मी तिच्या हातात वर्गाचा आताचा डबा देणार आहे. त्याआधी तिला खरं सांगायचं आहे. आणि जुन्या डब्यात अजून अकरा चिठ्ठ्या आहेत, टाचण्यांसकट. त्या अकरा मुलांची प्रार्थना माझ्याकडून राहिलेली आहे.