जुम्मेरातच्या यादीतून गाळलेला आजा

दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की आई जेवणाच्या टेबलापाशी बसून घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घेते. समोर काहीतरी गोड लागतं. शिरा नसला तर खजूर चालतात. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटखाली त्याच वेळी मुलांना ट्यूशनला सोडणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत असतात, पण तिचा क्रम चुकत नाही. आधी माझे वडील, मग तिचे आईवडील, सासूसासरे, आत्या, चुलते, आणि सगळ्यात शेवटी ज्यांचं नाव घेणारं कुणी उरलं नाही ते. एकेकाचं नाव घेऊन फातिहा पढण्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्याला पोचवायचा. मी लहान असल्यापासून ही यादी ऐकत आले आहे आणि झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन.

या यादीत एक माणूस कधीच नव्हता. आईच्या आईचा बाप, म्हणजे आईचा आजा.

तो स्कॉटलंडचा होता. बोटीवर इंजिनवाला. त्याच बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या, म्हणजे सारंग, आमच्या रत्नागिरीकडचा होता, आणि त्या सारंगाच्या मुलीशी याचं लग्न झालं. एवढं सगळ्यांना मान्य होतं. पुढचं आईला तिच्या दादीकडून कळलं, कारण आई चार वर्षांची असताना तिची आई वारली आणि ती बापाच्या गावी वाढली. दादीच्या म्हणण्याप्रमाणे गोरा शेवटपर्यंत गोराच राहिला, कलमा पढून मुसलमान झाला नाही, बायको टाकून बोटीने निघून गेला. असल्या माणसाचं नाव दुआत घ्यायचं नाही. आईने ते ऐकलं आणि सत्तराहून जास्त वर्षं पाळलं. त्या गावात पोरं तिला घाऱ्या डोळ्यांवरून ‘गोऱ्याची’ म्हणून चिडवत. ती उलट उत्तर देऊ शकत नव्हती, कारण तिला स्वतःलाच खरं काय ते माहीत नव्हतं.

वडील गेल्यावर मी तिला दोह्याला आणलं. तिच्या सामानात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात दोन गोष्टी होत्या : आजाचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक आणि त्याला त्याच्या बहिणीने पाठवलेलं एक इंग्रजी पत्र. पत्र मी शाळेत असतानाच वाचून दाखवलं होतं. त्यात पाऊस होता, कुणाचं तरी लग्न होतं, आणि शेवटी एकच ओळ, की बाबा घरात तुझं नाव घेत नाहीत. आम्हाला वाटलं, असेल काही बापलेकाचं भांडण.

‘मरायच्या आधी येवढा कळूदे, बाय,’ आई एकदा म्हणाली. ‘तो आपल्यात होता की नाय. होता तर मी मोठा पाप केलाय.’

हे तिने भाजी निवडताना सांगितलं, पण मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

आता माझा धंदाच कागद शोधण्याचा आहे. एका बांधकाम सल्लागार कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. पंधरा वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग मागा, पाच मिनिटांत टेबलावर ठेवते, आणि ठेवताना मागणाऱ्याला दोन शब्द सुनावतेही. त्यामुळे आजाही आठवड्याभरात सापडेल अशी माझी खात्री होती. चार वर्षं गेली.

सुरुवात बरी झाली. आमच्या ऑफिसात एक स्कॉटिश इंजिनिअर आहे, साठीला आलेला, कुणाशी फारसं न बोलणारा. जेवणाच्या सुटीत तो स्वतःच्या पूर्वजांना शोधत बसतो. त्यांच्याकडे चर्चच्या जन्माच्या आणि दफनाच्या वह्या आता कॉम्प्युटरवर बघता येतात. मी डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्याशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलला. पुस्तकात आजाची उंची लिहिली होती, डोळे करडे, डाव्या हातावर गोंदलेला नांगर. पत्रावर गाव होतं. तेवढ्यावरून त्याने आजाचे आईबाप आणि तीन भावंडं काढून दिली. मग मुंबईतल्या गोऱ्यांच्या दफनाच्या वह्या सुरू झाल्या. तो म्हणाला इंजिनवाले तिथेच मरत. वर्षामागून वर्षं चाळली, मिळाला नाही. मी चिडून म्हटलं, तुमची माणसं मरताना तरी नीट नोंद करून मरत नाहीत. तो म्हणाला, हा बहुधा तुमच्या माणसांतला गुण त्याला लागला असेल.

मग तो सुटीवर घरी गेला आणि वाट वाकडी करून त्या गावातल्या कबरस्तानात जाऊन आला. तिथे कबरीच्या एका दगडावर सगळं घर असतं. माणूस कुठेही मेला तरी नाव घरच्या दगडावर घालतात. त्याने फोटो पाठवला. वर तो दगड उभारणारा बाप, मग आई, लहानपणी गेलेली एक बहीण, आणि खाली आमचा आजा : हिंदुस्थानात वारला, आणि साल.

साल बघून मी हिशेब केला. आईच्या आईच्या जन्माचं वर्ष आणि ते साल एकच होतं. म्हणजे मुलगी झाली आणि बाप गेला. आमच्या गावात त्याची काही खूण नाही, तिकडे चर्चच्या आवारात बापाने नाव कोरलंय. मी आईला तसंच सांगून टाकलं. माझी घाई अशीच आहे. तो त्यांच्यातलाच होता आई, खलास.

आईने फोटो हातात घेतला, तिला काही वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितला. मग म्हणाली, ‘दादी बोलायची तेच खरा मग.’ त्या जुम्मेरातीला तिने यादी नेहमीसारखी म्हटली. मला वाटलं, चला, पापाची भीती तरी गेली. पण ती रडली होती. डोळे चोळून लाल केले होते आणि मला कांद्याचं कारण सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडे कांदा चिरलेला नव्हता.

यानंतर मी डब्यातले कागद स्कॅन करायला घेतले, निदान मुलांसाठी राहतील म्हणून. ऑफिसातल्या सवयीने प्रत्येक पानाला नंबर आणि तारीख देत होते. नोकरीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आले आणि थांबले. मुंबईला बोटीवरून उतरल्याचा शिक्का होता. त्याचं साल दगडावरच्या सालाच्या पुढचं होतं, चांगलं दोन वर्षांनी. म्हणजे मेलेला माणूस दोन वर्षं इंजिनात राबत होता आणि उतरताना सहीही करत होता.

दोन कागद जुळत नसले तर खाली बसून दोन्ही तपासायचे, हे मी ऑफिसात नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते. घरात मात्र मी एक कागद बघून आईला निकाल दिला होता. मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी मी ऑफिसात कुणालाच सुनावलं नाही, आणि लोकांनी तब्येत विचारली.

दगड चुकलेला होता तर आजा मेला कुठे? आईच्या आजोळी सारंगाच्या घराण्यातला एक लांबचा भाऊ जमातीचं, म्हणजे गावच्या मुसलमानांच्या पंचायतीचं, दफ्तर सांभाळतो. त्याला फोन लावला. कबरस्तानाची जुनी वही आहे, तो म्हणाला. त्यातलं काय बघू? मी आजाचं इंग्रजी नाव अक्षर अक्षर सांगितलं, आणि म्हटलं, नाहीतर ‘साहेब’ किंवा ‘गोरा’ असं काही असेल. त्याने दोनदा वही पाहिली. असं कुणी नाही. मी त्याला नीट बघ म्हणून झापलं, त्याने फोन ठेवला, आणि आमचं दोन महिने बोलणं बंद झालं.

पुढचं सगळं एका लग्नाच्या जेवणात झालं. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावी आमच्याकडच्या एका मुलाचं लग्न होतं. मुलगी फिलिपिनो नर्स, नुकतीच मुसलमान झालेली. कायद्याचे कागद आधीच झाले होते. इथे घरच्यांपुढे दुआ आणि बिर्याणी. मुलाच्या नात्यातले एक म्हातारे चाचा दुआ करायला बसले होते. त्यांनी मुलीचं नाव घेतलं आणि पुढे ‘अब्दुल्लाची मुलगी’ म्हणाले. मला माहीत होतं की तिच्या बापाचं नाव दुसरंच आहे. माझ्यासमोरच तर ती त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होती. जेवताना मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या गावी असंच चालत आलंय. नवा माणूस जमातीत आला की बापाच्या जागी अब्दुल्ला घालायचं. अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा बंदा, तो तर कुणाचाही बाप असतोच. ते स्वतः वीस वर्षं त्यांच्या जमातीचे सेक्रेटरी होते.

‘कबरस्तानच्या वहीत पण, चाचा?’

‘वहीत तर नक्कीच. नाव पण नवीन, बाप पण नवीन. जुना कायपन ठेवत नव्हते.’

माझा घास तसाच राहिला. आम्ही आजन्म मुसलमान, लग्नामयतांत वाढलेलो, आणि मी चार वर्षं एका मुसलमानाला त्याच्या ख्रिस्ती नावाने शोधत होते. दगडावर, चर्चच्या वहीत, शेवटी आमच्याच वहीत. त्याने टाकलेलं नाव घेऊन मी त्याला हाका मारत होते. भावाला झापलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. आधी माफी मागितली, ती त्याने थोडी लांबवून घेतली. मग म्हटलं, नावं बघू नको, बापाचा रकाना बघ. अर्ध्या तासात त्याने पानाचा फोटो पाठवला. पूर्ण वहीत बापाच्या जागी अब्दुल्ला असलेले तिघेच होते. त्यातल्या एकाचं नाव अगदी साधं, आमच्या गावात तसे डझनभर सापडतील. पण शेऱ्यात लिहिलं होतं, बोटीचा इंजिनवाला. कफन कोणी दिलं त्या रकान्यात त्याचा सासरा, तो सारंग. जागा : सारंगाच्या घराण्याच्या ओळीत. आणि साल दगडावरच्या सालानंतर अकरा वर्षांनी.

स्कॉटिश इंजिनिअरला मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. त्याने दोन्ही सालं कागदावर उतरवून वजाबाकी केली. मग म्हणाला, कदाचित घरी खोटी बातमी गेली असेल, त्या काळी जायची. मी बहिणीच्या पत्राची ती शेवटची ओळ दाखवली. तेव्हा त्याने मान हलवली. मुलाने धर्म बदलल्याचं कळलं त्या वर्षी बापाने त्याला दगडावर मारून टाकलं असावं, असं तो म्हणाला. मलाही तसंच वाटतं. सिद्ध करायला कागद नाही.

आईला सांगायला मी जुम्मेरातीची वाट बघितली नाही, पण ती जुम्मेरातच निघाली. मगरिब झाली होती, बशीत खजूर होते. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं, या वेळी घाई न करता. कबर कुठल्या ओळीत आहे, कफन कोणी दिलं, नाव काय ठेवलं होतं. तिने ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मग तिने यादी सुरू केली. माझे वडील, तिचे वडील, तिची आई. तिच्या आईनंतर थांबली आणि ते नाव घेतलं. माझ्याकडे बघून खात्री केली आणि पुन्हा घेतलं.

‘आजा, मना माफ कर,’ ती म्हणाली. ‘तू ओळीत पडलेलास नि मी तुला सोडून पुढे जात होते.’

पुढची नावं तिने भरभर घेतली. संपल्यावर खजूर खाल्ला, माझ्यासमोर बशी सरकवली आणि दगडाचा फोटो मागितला. वरचं पहिलं नाव कोणाचं, विचारलं. मी म्हटलं, आजाच्या बापाचं, ज्याने हे कोरून घेतलं त्याचं.

‘तेला फातिहा पोचत नाय,’ आई म्हणाली. ‘पन तेनी पन पोराला गाळलान ना, मी गाळला तसा. तेचा नाव काय ता सांग.’

मी फोटो मोठा करून वाचून दाखवलं. ते नाव तिला म्हणता येईना. तिने चार वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा जवळपास जमलं.