फुकटच्या प्रोलॉगमध्ये न मावलेली काणी

परवा देवळालीच्या शिवारात उसाचा काळा, चाबकासारखा शेंडा दिसला आणि तीस वर्षांपूर्वीची माझी मुलाखत आठवली.

साखर कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून मी उसाचे रोग ओळखणारा प्रोग्राम प्रोलॉग या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. त्या प्रोलॉगची फुकट आवृत्ती फक्त पन्नास नियम घ्यायची आणि पूर्ण आवृत्ती ऐपतीबाहेरची. म्हणून मी अक्कल चालवून काणी, म्हणजे उसाला काळा चाबूक फुटणारा रोगच वगळला. तो काय, कुणीही बांधावरून ओळखतो!

मुलाखतीत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांनी नेमका काणीचाच शेंडा टेबलावर ठेवला. "विचारा तुमच्या मशीनला."

मी लक्षणं भरली. कर्सर लुकलुकत राहिला. नियमांत रोग सापडेना, तेव्हा पडद्यावर उत्तर आलं, 'ऊस निरोगी.'

तो शेंडा आणणारे शेतकरी सखारामनाना शांतपणे म्हणाले, "सायेब, पोरगं हुशार हाय. घ्या त्याला. पन आधी दोन हंगाम फडात धाडा."

साहेबांनी तसंच केलं. काणीचे शेंडे उपटून पोत्यात भरताना मी नानांना मनसोक्त शिव्या घातल्या. आता कळतं, माझे पन्नासही नियम पुस्तकातून उतरवलेले होते, हे त्यांनी तिथंच ओळखलं होतं.